नॉर्म स्मिथ आणि मेलबर्नच्या पाठीराख्यांची ५७ वर्षे



बॉक्सिंग डेच्या कसोटीला एम.सी.जी.वर गेलो की आपली पावले आपोआप शेन वॉर्नच्या पुतळ्याकडे वळतात. मुलांना पुढे उभे करून फोटो काढायचा, मग पाण्याच्या बाटल्या आणि डबे सांभाळत आत शिरायचे. डिसेंबर २०२० मध्ये ॲडलेडला ३६ धावांत गारद झालेल्या भारतीय संघाला आपल्या अजिंक्य रहाणेने ह्याच मैदानावर ११२ धावांची खेळी करून सावरले आणि सामना जिंकून दिला. तेव्हापासून तर हे मैदान आपल्याला आणखीच जवळचे झाले आहे.

ह्याच मैदानाबाहेरच्या पुतळ्यांमध्ये नॉर्म स्मिथ यांचाही पुतळा आहे. त्याच्यापुढे आपल्यापैकी फारसे कोणी थांबत नाही. गंमत अशी की आपल्या घरातल्या शाळकरी मुलांना हे नाव पाठ असते. फुटीच्या ग्रँड फायनलमध्ये जो सर्वोत्तम खेळतो त्याला 'नॉर्म स्मिथ मेडल' मिळते, एवढे ती सांगू शकतात. पण हे स्मिथ कोण होते, आणि ऑफिसमधला मेलबर्न डीमन्सचा एखादा पाठीराखा त्यांचे नाव निघाले की सुस्कारा का टाकतो, हे मात्र आपल्या घरांतून फारसे माहीत नसते. म्हणून ह्या वेळी त्यांची ओळख करून देण्याचे आम्ही ठरवले.

ज्यांना ह्या खेळाची अजून सवय झालेली नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. क्रिकेटच्याच अंडाकृती मैदानावर, अंडाकृती चेंडूने, प्रत्येक बाजूचे १८ खेळाडू हा खेळ खेळतात. मधल्या दोन उंच खांबांतून चेंडू लाथाडला की ६ गुण, बाजूच्या खांबातून गेला तर १ गुण. मेलबर्न फुटबॉल क्लबची सुरुवात १८५८ सालची, आणि खेळाचे पहिले नियम १८५९ मध्ये ह्याच क्लबच्या मंडळींनी लिहिले. म्हणजे हा क्लब खेळाच्याही आधीचा! एवढ्या जुन्या, प्रतिष्ठित क्लबच्या पाठीराख्यांना इतर लोक श्रीमंत म्हणून चिडवतात. जुलै महिन्यात संघ हरू लागला की ही मंडळी बर्फावर स्कीइंगला निघून जातात, असा विनोद इथे सर्रास चालतो. पण ह्या विनोदामागचे दुःख समजायला नॉर्म स्मिथ यांची गोष्ट माहीत असावी लागते.

स्मिथ यांचा जन्म २१ नोव्हेंबर १९१५ चा, मेलबर्नच्या उत्तरेकडच्या कामगार वस्तीतला. थोरला भाऊ लेन हाही फुटबॉलमध्ये मुरलेला. दोघा भावांच्या गप्पांत खेळाशिवाय दुसरा विषय क्वचितच असे. पुढे लेननेही फिट्झरॉय आणि रिचमंड ह्या संघांचे कोच म्हणून नाव कमावले.

१९३५ मध्ये नॉर्म मेलबर्नच्या संघात आले. कोच होते फ्रँक ह्यूज, ज्यांना सगळे 'चेकर' म्हणत. पूर्वी ह्या संघाला एका फुलाच्या नावाने ओळखत. ह्यूज यांनी पोरांना सैतानासारखे लढायला सांगितले आणि 'डीमन्स' हे नाव चिकटले ते कायमचेच. ह्या संघाने १९३९, १९४० आणि १९४१ अशी सलग तीन वर्षे प्रीमियरशिप जिंकली. गोल मारणाऱ्यांच्या फळीत स्मिथ सर्वांत पुढे असत. स्वतः गोल मारण्याची संधी असतानाही चांगल्या जागी उभ्या असलेल्या सोबत्याला चेंडू देणारा खेळाडू अशी त्यांची ख्याती होती. तरीही मेलबर्नसाठी २१० सामन्यांत त्यांनी ५४६ गोल केले. १९४८ ची ग्रँड फायनल बरोबरीत सुटली. इतिहासात असे प्रथमच घडले होते. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा खेळवली गेली आणि मेलबर्न जिंकले. खेळाडू म्हणून स्मिथ यांची ही चौथी प्रीमियरशिप.

१९४० च्या विजयी संघात स्मिथ यांच्या बरोबर रॉन बरासी नावाचा एक मित्र होता. तो युद्धावर गेला आणि जुलै १९४१ मध्ये तोब्रुक येथे मारला गेला. मागे पत्नी आणि पाच वर्षांचा मुलगा राहिला. त्याचेही नाव रॉनच. पुढे त्याची आई टास्मानियाला राहायला गेली, तेव्हा ह्या मुलाला नॉर्म आणि त्यांची पत्नी मार्ज यांनी आपल्या घरी ठेवून घेतले. घरामागच्या छोट्या बंगलीत तो राहू लागला. त्याला बापाच्याच क्लबात खेळता यावे म्हणून नियमात वाट काढली गेली, आणि वडिलांच्या क्लबात मुलाला जागा देण्याची ती पद्धत आजही चालू आहे. मित्राच्या मुलाला पोटच्या पोरासारखे वाढवणे आपल्याला नवे नाही, पण स्मिथ यांनी घरातली माया मैदानात कधी आणली नाही. सरावात ह्याच मुलाला सर्वांत जास्त बोलणी बसत.

दरम्यान स्मिथ काही काळ फिट्झरॉयकडे खेळाडू आणि कोच अशा दुहेरी कामावर गेले आणि १९५२ मध्ये कोच म्हणून मेलबर्नला परतले. संघाची अवस्था वाईट होती. १९५१ मध्ये एकच सामना जिंकून तो तळाला गेला होता. स्मिथ आल्यावर पहिल्या वर्षी थोडी सुधारणा झाली, पण १९५३ मध्ये पुन्हा घसरण होऊन बारा संघांत अकरावा नंबर आला.

मंडळी, इथे जरा थांबू या. कोणत्याही खेळाचा पाठीराखा अशा वेळी काय मागणी करतो ते आपल्याला चांगले ठाऊक आहे. क्रिकेटमध्ये दोन मालिका गमावल्या की कर्णधार बदला, कोच हाकला, असा ओरडा आपणही घराघरांतून करतो. पण १९५३ मध्ये मेलबर्न क्लबने स्मिथ यांना काढले नाही. तरुण मुले निवडू द्या, त्यांना घडवायला वेळ द्या, एवढाच विश्वास त्यांच्यावर टाकला.

त्याचे फळ लगेच दिसले. १९५४ मध्ये संघ ग्रँड फायनलला पोचला आणि फुट्सक्रेकडून हरला. त्यानंतर १९५५, १९५६ आणि १९५७ अशा सलग तीन प्रीमियरशिप जिंकल्या. १९५६ च्या ग्रँड फायनलला १,१५,८०२ प्रेक्षक होते आणि मेलबर्नने कॉलिंगवूडला ७३ गुणांनी हरवले. १९५८ मध्ये चौथी जिंकली असती तर कॉलिंगवूडच्या सलग चार विजयांच्या विक्रमाची बरोबरी झाली असती. नेमके त्याच कॉलिंगवूडने त्यांना अडवले! पण १९५९ आणि १९६० मध्ये मेलबर्न पुन्हा विजेते. १९५४ ते १९६० अशा सलग सात ग्रँड फायनल हा संघ खेळला. स्मिथ यांच्या तालमीत रॉन बरासीचा वीर खेळाडू झाला आणि पुढे कर्णधारही. १९६४ मध्ये कॉलिंगवूडला अवघ्या चार गुणांनी हरवून स्मिथ यांनी कोच म्हणून सहावी प्रीमियरशिप मिळवली. दहा वर्षांत सहा!

स्मिथ स्वभावाने गोड नव्हते. शिस्तीचे कडक, तोंडाचे फटकळ, आणि एखादी गोष्ट पटली नाही तर समोर कोण आहे ते न पाहता सांगणारे. हरलेल्या सामन्यानंतर खेळाडूंना त्यांच्यासमोर उभे राहायची भीती वाटे. पण हे कठोर बोलणे संघाच्या भल्यासाठी आहे ह्याची खात्री असल्याने तेच खेळाडू त्यांच्यासाठी जीव टाकत. असा माणूस कमिटीला मात्र नेहमीच जड जातो. एका अंपायरबद्दल जाहीरपणे केलेल्या टीकेवरून त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा दावा झाला. अशा वेळी क्लब आपल्या पाठीशी ठामपणे उभा राहिला नाही ह्याचे त्यांना फार वाईट वाटले. दोन्ही बाजूंची मने दुखावत गेली.

१९६४ चा मोसम संपल्यावर दुसरा धक्का बसला. कार्लटन क्लबने रॉन बरासीला खेळाडू आणि कोच म्हणून बोलावले. बरासीसाठी मेलबर्न क्लब म्हणजे वडिलांची आठवण आणि स्मिथ म्हणजे दुसरे वडीलच. तरीही तो गेला. स्मिथ यांच्या सावलीतून बाहेर पडल्याशिवाय स्वतःचे काही करता येणार नाही हे त्याला कळले होते. परदेशी येताना आपल्यापैकी अनेकांनी जे घरी समजावून सांगितले, तेच काहीसे हे होते.

तरी १९६५ च्या मोसमात मेलबर्नने पहिले आठही सामने जिंकले. मग काही हरले. आणि शुक्रवार २३ जुलै १९६५ च्या संध्याकाळी स्मिथ यांच्या घरी निरोप्याच्या हाती एक पत्र आले. क्लबने त्यांना कोचपदावरून दूर केले होते. दुसऱ्याच दिवशी नॉर्थ मेलबर्नशी सामना होता. इतक्या ग्रँड फायनलच्या आठवणी असलेल्या माणसाला समोर बसवून दोन शब्द बोलण्याचे सौजन्यही कुणी दाखवले नाही. हंगामी कोच म्हणून उभे राहिले ते त्यांचे जुने गुरू चेकर ह्यूज, आणि संघ तो सामना हरला.

शहरात एकच खळबळ उडाली. स्मिथ यांनी टेलिव्हिजनवर येऊन आपली बाजू मांडली. वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर तोच विषय, ट्राममध्ये आणि पबमध्ये तीच चर्चा. कॉलिंगवूडचे पाठीराखेसुद्धा हळहळले म्हणजे बघा! लोकांच्या रेट्यापुढे कमिटी नमली आणि चारच दिवसांनी, मंगळवारी, स्मिथ यांना परत घेण्यात आले. पण फुटलेला माठ जोडला तरी पाणी झिरपायचे राहत नाही. तो मोसम संघाने सातव्या क्रमांकावर संपवला. १९६७ नंतर स्मिथ यांनी मेलबर्न सोडले.

ते पुढे १९६९ ते १९७२ ह्या काळात साउथ मेलबर्नचे कोच झाले. हाच क्लब पुढे १९८२ मध्ये सिडनीला गेला, तो आजचा सिडनी स्वान्स. १९४५ नंतर फायनल्सचे तोंड न पाहिलेल्या ह्या संघाला स्मिथ यांनी १९७० मध्ये तिथवर नेले. पण शरीर साथ देईना. मेंदूच्या कॅन्सरने २९ जुलै १९७३ रोजी ते गेले. वय अवघे ५७. १९७९ पासून ग्रँड फायनलच्या सर्वोत्तम खेळाडूला त्यांच्या नावाचे मेडल देतात. १९९६ मध्ये शतकातला सर्वोत्तम संघ निवडला गेला तेव्हा त्याचे कोच म्हणूनही त्यांचेच नाव घेतले गेले.

माणूस गेला, पण त्याची गोष्ट संपली नाही. कारण १९६५ नंतर मेलबर्नला प्रीमियरशिप मिळेना. १९६५ ते १९८६ अशा बावीस मोसमांत तर संघ फायनल्सलाही पोचला नाही. पाठीराखे म्हणू लागले, हा नॉर्म स्मिथ यांचा शाप आहे.

१९७९ मध्ये फिट्झरॉयने त्यांना १९० गुणांनी हरवले. त्याहून मोठा पराभव लीगच्या इतिहासात नाही. १९८१ मध्ये स्वतः रॉन बरासी कोच म्हणून परतले. कार्लटन आणि नॉर्थ मेलबर्नला प्रत्येकी दोन प्रीमियरशिप मिळवून दिलेले बरासी! लोकांना वाटले, आता शाप उतरणार. त्या वर्षी संघाने एकच सामना जिंकला. रॉबी फ्लॉवर हा विलक्षण खेळाडू १९७३ पासून २७२ सामने खेळला आणि फायनल्स पाहायला मिळाल्या त्या कारकीर्दीच्या शेवटच्या, म्हणजे १९८७ च्या मोसमात. ग्रँड फायनलला एक पाऊल उरले असताना, शेवटच्या क्षणी, आयर्लंडहून आलेला जिम स्टाइन्स हा तरुण चुकीच्या जागेतून धावला, हॉथॉर्नच्या खेळाडूला १५ मीटर पुढून किक मिळाली, आणि भोंगा वाजल्यावर झालेल्या त्या गोलने मेलबर्न दोन गुणांनी हरले. पुढच्या वर्षी ग्रँड फायनल गाठली तर ९६ गुणांनी पानिपत. २००० मध्ये पुन्हा गाठली, तेव्हा एसेंडनने ६० गुणांनी धुव्वा उडवला.

हरणे एक वेळ परवडले, पण १९९६ मध्ये क्लबच नाहीसा व्हायची वेळ आली. पैशाअभावी हॉथॉर्नशी विलीन होण्याचा प्रस्ताव आला. मेलबर्नच्या सभासदांचा कौल विलीनीकरणाच्या बाजूने गेला, हॉथॉर्नच्या सभासदांनी तो फेटाळला म्हणून क्लब वाचला. आपल्या क्लबला दुसऱ्याच्या नकाराने जीवदान मिळाले, ही जखम कित्येकांना पराभवांपेक्षा खोल लागली. २००९ च्या मोसमात चांगले नवे खेळाडू मिळावेत म्हणून संघ मुद्दाम हरला का, ह्याचीही चौकशी झाली. मुद्दाम हरल्याचे सिद्ध झाले नाही, पण २०१३ मध्ये क्लबला पाच लाख डॉलर दंड भरावा लागला. आपला संघ हरावा की जिंकावा हेच कळेनासे होणे, ह्याहून वाईट अवस्था पाठीराख्याची कोणती? आणि जुलै २०११ मध्ये जिलाँगकडून १८६ गुणांनी हार झाली. लगेच कोचला घरी पाठवले गेले.

शाप होता का? आम्हाला तसे वाटत नाही. बरासी गेला, जुने खेळाडू थकले, १९६० च्या दशकाच्या अखेरीस खेळाडू मिळवण्याचे नियम बदलले, पैसा कमी पडला. कारणे साधी आणि सरळ आहेत. पण पाठीराख्यांच्या मनात १९६५ ची सल होती. आपल्या क्लबने आपल्या सर्वांत मोठ्या माणसाला दाराशी पत्र पाठवून काढले, ह्याची लाज होती. शापाची गोष्ट म्हणजे त्या लाजेला त्यांनी दिलेले नाव. १९५३ मध्ये जो धीर धरला तो १९६५ मध्ये का धरवला नाही, असे ते वर्षानुवर्षे स्वतःलाच विचारत राहिले.

ह्या गोष्टीत आपल्यासारख्या स्थलांतरितांना जवळची वाटावी अशी व्यक्ती म्हणजे जिम स्टाइन्स. डब्लिनहून १९८४ मध्ये आलेला हा मुलगा खेळ इथेच शिकला. १९८७ च्या त्या चुकीनंतर तोंड लपवून तो मायदेशी परतला असता तरी कुणी दोष दिला नसता. पण तो राहिला. १९९१ मध्ये ब्राउनलो मेडल जिंकले, सलग २४४ सामने खेळून विक्रम केला, आणि २००८ मध्ये कर्जात बुडालेल्या क्लबचे अध्यक्षपद घेतले. कॅन्सरशी झुंजत असतानाच पाठीराख्यांच्या देणग्यांतून त्यांनी सुमारे पन्नास लाख डॉलरचे कर्ज फेडून दाखवले. मार्च २०१२ मध्ये ते गेले. त्यांचाही पुतळा एम.सी.जी.बाहेर आहे.

शेवटी २५ सप्टेंबर २०२१ चा दिवस उजाडला. कोविडमुळे मेलबर्न शहर बंद होते आणि ग्रँड फायनल पर्थला गेली होती. ५७ वर्षे वाट पाहिलेली माणसे घरात टीव्हीसमोर बसली होती, कित्येक एकटीच. तिसऱ्या क्वार्टरमध्ये संघ १९ गुणांनी मागे पडला तेव्हा पुन्हा 'ये रे माझ्या मागल्या' असेच सर्वांना वाटले असणार. पण तिथून गोलांची सरबत्ती झाली आणि मेलबर्नने वेस्टर्न बुलडॉग्सला १४० विरुद्ध ६६, म्हणजे ७४ गुणांनी हरवले. नॉर्म स्मिथ मेडल मिळाले ते मेलबर्नच्याच क्रिश्चन पेट्राकाला. हा दिवस पाहायला रॉन बरासी हयात होते. सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले. ज्यांचे आईवडील किंवा आजोबा हा दिवस न पाहताच गेले, त्यातल्या अनेकांनी निर्बंध उठल्यावर त्यांच्या थडग्यांवर लाल-निळे स्कार्फ नेऊन ठेवले असतील, तर आम्हाला त्यात काहीच नवल वाटणार नाही.

त्यानंतर २०२२ आणि २०२३ मध्ये संघ फायनल्समध्ये लवकर बाद झाला, २०२४ मध्ये तिथवर पोचलाच नाही, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये प्रीमियरशिप जिंकून देणाऱ्या कोचलाही निरोप देण्यात आला. पाठीराख्यांची कुरकुर पुन्हा सुरू झाली आहे. ती व्हायचीच. जो संघ आपला आहे त्याच्यावरच माणूस रागावतो.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी एम.सी.जी.ला गेलात तर वॉर्नबरोबर फोटो काढून झाल्यावर नॉर्म स्मिथ यांच्याही पुतळ्यापुढे दोन मिनिटे थांबा आणि मुलांना १९५३ ची आणि १९६५ ची अशा दोन्ही गोष्टी सांगा. आणि सोमवारी ऑफिसात एखादा डीमन्सचा पाठीराखा पडेल चेहऱ्याने चहाच्या किटलीपाशी भेटला, तर त्याला स्कोअर विचारू नका. नॉर्म स्मिथ यांच्याबद्दल विचारा. चहा गार होईपर्यंत तो बोलत राहील!